हेस्टर बेटमन

हेस्टर बेटमन (बाप्तिस्मा : ७ ऑक्टोबर १७०८; मृत्यू : १६ सप्टेंबर १७९४) या अठराव्या शतकातील लंडनच्या एक ख्यातनाम रौप्यकार आणि उद्योजिका होत्या. पतीच्या निधनानंतर, वयाच्या ५२व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा ठसा नोंदवला. त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्यांनी चांदीच्या वस्तू घडवणारा कौटुंबिक कारखाना चालवला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. तरीही आज जुन्या इंग्रजी चांदीच्या अभ्यासकांना व संग्राहकांना अत्यंत परिचित असलेल्या ठशांमध्ये त्यांच्या वळणदार 'एच बी' या दोन अक्षरांची गणना होते. चहादाण्या, चमचे, तबके, साखरेचे चिमटे, मीठदाण्या आणि मद्याच्या बाटलीवर अडकवण्याच्या नामपट्ट्या अशा घरगुती वस्तूंसाठी त्यांचा कारखाना विशेष ओळखला जातो.

प्रारंभिक जीवन

हेस्टर यांचे माहेरचे आडनाव नीडम. त्यांचा जन्म लंडनमधील सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. त्या काळी या वर्गातील मुलींना शालेय शिक्षण मिळण्याची शक्यता कमीच असे; हेस्टर यांनाही ते मिळाले नाही. १७३२ मध्ये त्यांचा विवाह जॉन बेटमन यांच्याशी झाला. जॉन हे व्यवसायाने साखळ्या घडवणारे सोनार होते. पुढे हे कुटुंब लंडन शहराच्या उत्तर सीमेलगतच्या बनहिल रो या रस्त्यावर राहू लागले. राहते घर व कामाची जागा एकत्र असण्याची त्या काळच्या कारागिरांची रीत येथेही होती. जॉन, पीटर आणि जोनाथन हे मुलगे आणि लेटिशिया ही मुलगी यांचा पुढे कुटुंबाच्या व्यवसायाशी या ना त्या प्रकारे संबंध आला. लेटिशिया यांचे पती रिचर्ड क्लार्क हेही याच व्यवसायातील होते.

साखळी घडवण्याचे काम बारकाईचे आणि वेळखाऊ असते. तार ओढणे, कड्या वळवणे, त्यांना डाग देणे, घासून उजळणे अशी त्याची अनेक अंगे घरातील माणसांमध्ये वाटली जात. अशा घरात सुमारे २८ वर्षे संसार केल्यामुळे हेस्टर यांना धातुकामाची आणि त्याच्या हिशेबाची चांगली ओळख झाली असावी, असे अभ्यासक मानतात. १७६० मध्ये जॉन बेटमन यांचे क्षयाने निधन झाले. आपल्या कामाची हत्यारे त्यांनी मृत्युपत्राद्वारे पत्नीच्या स्वाधीन केली होती. मुलगे हाताशी असतानाही हत्यारे पत्नीला देणे, हे तिच्या कर्तृत्वावरील विश्वासाचे द्योतक मानले जाते.

तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीला पतीपासून वेगळी अशी मालमत्ता बाळगता येत नसे आणि स्वतःच्या नावाने करारही करता येत नसे. विधवेला मात्र हे दोन्ही अधिकार होते. पतीचा व्यवसाय पुढे चालवण्याची मुभाही कारागिरांच्या संघांच्या परंपरेत विधवांना असे. त्यामुळे त्या काळात स्वतंत्रपणे चांदीचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांमध्ये विधवांचे प्रमाण मोठे होते.

पार्श्वभूमी : लंडनमधील ठशांची पद्धत

हेस्टर बेटमन यांचे कार्य समजून घेण्यासाठी इंग्लंडमधील चांदीवरील ठशांची पद्धत ध्यानात घेणे आवश्यक आहे. शुद्ध चांदी मऊ असल्याने तिच्यात तांबे मिसळावे लागते. परंतु किती तांबे मिसळले आहे हे ग्राहकाला डोळ्यांनी कळत नाही. यासाठी १३०० सालच्या कायद्याने कस तपासून बिबट्याच्या मुखाचा ठसा मारण्याची प्रथा सुरू झाली. १३६३ मध्ये प्रत्येक कारागिराने स्वतःचा ठसा मारणे बंधनकारक झाले, १४७८ मध्ये वर्षदर्शक अक्षराची भर पडली आणि १५४४ पासून चालत्या सिंहाचा ठसा मारला जाऊ लागला. ही तपासणी लंडनच्या सुवर्णकार संघाच्या गोल्डस्मिथ्स हॉल या वास्तूत होत असे. 'हॉलमार्क' हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. 'स्टर्लिंग' प्रतीच्या चांदीत हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असणे आवश्यक होते.

१६९७ च्या कायद्यानुसार कारागिराच्या ठशात त्याच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे असत. १७३९ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने सर्व कारागिरांना जुने ठसे मोडून नवे ठसे नोंदवण्यास भाग पाडले. नव्या ठशात नाव व आडनाव यांची आद्याक्षरे असावीत आणि ती पूर्वीच्या ठशातील अक्षरांहून निराळ्या वळणाची असावीत, असा नियम होता. गोल्डस्मिथ्स हॉलमधील नोंदवहीत तारीख, नाव, पत्ता आणि ठशाची उमटवलेली प्रत असे. कारागीर तेथेच स्वाक्षरी करी. दोनशे वर्षांनंतर एखाद्या चमच्यावरील दोन अक्षरे कोणाची हे सांगता येते, ते या नोंदवह्यांमुळेच.

ठशाची नोंदणी

१६ एप्रिल १७६१ रोजी हेस्टर बेटमन यांनी गोल्डस्मिथ्स हॉल येथे आपला ठसा नोंदवला. लिहिता येत नसल्यामुळे त्यांना नोंदवहीत नावाची रीतसर स्वाक्षरी करता आली नाही. परंतु ठशासाठी त्यांनी साधी छापील अक्षरे न घेता हस्ताक्षरासारखी वळणदार, लपेटी असलेली 'एच बी' ही अक्षरे निवडली. ज्या स्त्रीला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिची ओळख पुढे हस्ताक्षराच्या वळणाच्या ठशानेच टिकली, ही बाब तिच्या चरित्रात लक्षणीय ठरते.

ठशाच्या चौकटीबाबतही एक वैशिष्ट्य आढळते. इंग्लंडमधील अनेक विधवा रौप्यकार आपल्या आद्याक्षरांभोवती शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट वापरत. स्त्रियांची कुलचिन्हे याच आकारात दाखवण्याची प्रथा असल्याने हा आकार स्त्रीत्वाचा व वैधव्याचा निदर्शक समजला जाई. हेस्टर यांनी ही चौकट वापरली नाही. त्यांचा ठसा पुरुष कारागिरांच्या ठशांसारखाच आडव्या चौकटीतील होता. त्यामुळे केवळ ठसा पाहून तो एका स्त्रीचा आहे हे ओळखता येत नाही. पुढील काळात त्यांनी आपल्या ठशाच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळी नोंदवल्या. ठसा झिजला अथवा कामाच्या आकारानुसार लहानमोठा ठसा हवा असला, म्हणजे अशी नोंद करावी लागे.

अज्ञात कामाची वर्षे (१७६१–१७७४)

नोंदणी १७६१ मध्ये झाली असली, तरी पहिल्या सुमारे तेरा वर्षांतील 'एच बी' ठशाच्या वस्तू फारच थोड्या आढळतात. याचे कारण कारखाना बंद होता असे नाही. या काळात बेटमन यांचा कारखाना प्रामुख्याने इतर रौप्यकारांच्या मागणीनुसार माल घडवून देत असे. असा माल मागणी देणाऱ्याच्या ठशासह तपासणीस जाई, किंवा घडवणाऱ्याच्या ठशावर विक्रेता आपला ठसा मारी. मूळ ठशावर दुसरा ठसा मारण्याच्या या प्रथेमुळे प्रत्यक्ष घडवणाऱ्याचे नाव पुसले जाई. बारकाईने पाहिल्यास काही वेळा वरच्या ठशाखाली आधीच्या अक्षराची कड किंवा लपेटी दिसते. अनेक वेळा तीही दिसत नाही.

या काळाच्या अभ्यासात आणखी एक अडचण आहे. गोल्डस्मिथ्स हॉलमधील मोठ्या वस्तू घडवणाऱ्या कारागिरांची १७५९ ते १७७३ या काळातील नोंदवही गहाळ झालेली आहे. परिणामी त्या काळातील अनेक ठसे आजही निश्चितपणे कोणाचे हे ठरवता येत नाहीत. १७७३ मध्ये संसदेच्या समितीपुढे सादर झालेल्या रौप्यकारांच्या नामावलीवरून काही आद्याक्षरांची जुळणी करता आली. परंतु त्या यादीत ठशांची चित्रे नसल्याने एकाच आद्याक्षरांच्या दोन व्यक्तींमध्ये निवड करणे अवघड जाते. हेस्टर यांच्या ठशाची नोंद मात्र उपलब्ध असल्याने त्यांची ओळख संशयातीत आहे. त्यांच्या हातून इतरांच्या नावे गेलेल्या वस्तू किती, हे मात्र त्या नोंदीवरून कळू शकत नाही.

भरभराट (१७७४–१७९०)

१७७४ च्या सुमारास कारखाना स्वतःच्या ठशाने मोठ्या प्रमाणावर माल विकू लागला आणि पुढील सोळा वर्षे हे नाव बाजारात ठळकपणे दिसते. या वेळी हेस्टर यांचे वय साठीच्या पुढे होते. मुलगे, शिकाऊ कामगार आणि पुढे सून ॲन व नातू विल्यम यांच्या साह्याने त्यांनी व्यवसायाचा विस्तार केला.

हा विस्तार अनुकूल परिस्थितीत झाला असे म्हणता येत नाही. १७४० च्या दशकात शेफील्ड येथील टॉमस बोल्सोव्हर यांनी तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर सांधण्याची रीत शोधून काढली होती. 'शेफील्ड प्लेट' या नावाने ओळखला जाणारा हा माल दिसायला चांदीसारखा आणि किमतीने बराच स्वस्त होता. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम व शेफील्ड या शहरांना स्वतःची तपासणी कार्यालये मिळाली. मॅथ्यू बोल्टन यांच्यासारख्या उद्योजकांनी यंत्रांच्या साह्याने चांदीच्या वस्तू तयार करण्यास आधीच प्रारंभ केला होता. लंडनच्या छोट्या कारखान्यांना एकतर श्रीमंतांसाठी जड व महाग वस्तू घडवणे किंवा कमी चांदीत देखणा माल देणे, असे दोनच मार्ग उरले. हेस्टर बेटमन यांनी दुसरा मार्ग स्वीकारला.

रुळांमधून काढलेला एकसारख्या जाडीचा चांदीचा पत्रा या काळात विकत मिळू लागला होता. चांदीचा गोळा ठोकून भांड्याचा घाट उचलण्याऐवजी हा पत्रा कापून, वळवून व सांध्यावर डाग देऊन भांडे घडवल्यास चांदी आणि मजुरी या दोहोंत बचत होई. चहादाणीच्या पोटाचा सांधा मुठीच्या मागे येईल अशी रचना केल्यास तो सहसा नजरेस पडत नसे. जाळीकामासाठी हाताच्या करवतीऐवजी दाबयंत्राचा उपयोग होऊ लागला. कडांना लावण्याच्या नक्षीदार पट्ट्या एकसारख्या तयार करता येऊ लागल्या. बेटमन यांच्या कारखान्याने ही साधने वापरली आणि वाढत्या मध्यमवर्गाला परवडेल अशी खरी चांदी उपलब्ध करून दिली. त्याच काळात चहापानाची प्रथा सामान्य सुखवस्तू घरांत रुळल्यामुळे चहादाणी, दुधाचे भांडे, साखरेचे टोपले आणि चिमटे यांची मागणीही वाढत होती.

शैली

अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये शिंपले, पाने व वेलबुट्ट्या यांनी भरलेली रोकोको शैली प्रचलित होती. १७६० नंतर वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडम यांच्या प्रभावाने प्राचीन ग्रीक-रोमन कलशांचे साधे घाट, माळा व पदके यांवर आधारलेली नवअभिजात शैली पुढे आली. बेटमन यांच्या वस्तू या शैलीत मोडतात. त्यांची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगितली जातात :

• कडेने ओवल्यासारखी दिसणारी बारीक मण्यांची रांग. ही या कारखान्याची सर्वपरिचित खूण आहे.
• तिरप्या धारेच्या पाजळलेल्या हत्याराने पैलू पाडल्यासारखे केलेले कोरीव काम. या पैलूंवर प्रकाश पडून पातळ वस्तूही झळकते.
• कलश, लंबवर्तुळ आणि अर्धगोल यांवर आधारित हलके घाट.
• मीठदाणी व मोहरीदाणी यांवर जाळीकाम आणि आत निळ्या काचेचे भांडे.
• सजावटीसाठी मोकळी सोडलेली जागा. बहुधा मध्यभागी मालकाची आद्याक्षरे किंवा कुलचिन्ह कोरण्यापुरती चौकट असे.

मण्यांची कड किंवा पैलूदार कोरीव काम ही एकट्या बेटमन यांची निर्मिती नव्हे. त्या काळच्या अनेक लंडनकर कारागिरांनी ती वापरली आहेत. त्यामुळे ठशाचा आधार नसताना केवळ शैलीवरून एखादी वस्तू त्यांच्या नावे लावणे धोक्याचे समजले जाते. उलटपक्षी, ठसा 'एच बी' असून घाट वा नक्षी काळाशी विसंगत असेल, तर ठशाविषयीच शंका घ्यावी लागते.

ठशांवरून वस्तूंची ओळख

हेस्टर बेटमन यांचा कार्यकाल ठशांच्या पद्धतीत अनेक बदल झालेल्या वर्षांत येतो. त्यामुळे त्यांच्या वस्तू ठसे वाचण्याच्या अभ्यासासाठी सोयीच्या मानल्या जातात. त्यांच्या काळातील लंडनच्या पूर्ण ठशांकित वस्तूवर चालता सिंह, मुकुटधारी बिबट्याचे मुख, वर्षाक्षर आणि कारागिराचा ठसा असे चार ठसे असतात.

वर्षाक्षर दरवर्षी मे महिन्यात बदलत असे. 'जे' वगळून 'ए' ते 'यू' अशी वीस अक्षरे क्रमाने वापरून झाली की नव्या वळणाच्या अक्षरांचे चक्र सुरू होई. १७५६ च्या चक्रात गॉथिक वळणाची मोठी अक्षरे होती, तर १७७६ च्या चक्रात साधी लहान अक्षरे होती. हेस्टर यांचे काम या दोन्ही चक्रांत विभागलेले आहे. ज्या वर्षी त्यांनी ठसा नोंदवला, त्या १७६१ च्या मे महिन्यापासून गॉथिक 'एफ' आणि त्या निवृत्त झाल्या त्या १७९० च्या मे महिन्यापासून लहान 'पी' हे अक्षर सुरू झाले. एकच अक्षर दोन चक्रांत येत असल्याने अक्षराचे वळण व चौकटीचा आकार पाहिल्यावाचून साल ठरवता येत नाही.

१ डिसेंबर १७८४ पासून चांदीवर औंसाला सहा पेन्स कर लागू झाला आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाच्या मस्तकाचा पाचवा ठसा मारला जाऊ लागला. आरंभी हे मस्तक धातूत खोलगट उमटलेले व डावीकडे तोंड केलेले असे. १७८६ पासून ते उठावाचे व उजवीकडे तोंड केलेले झाले. त्यामुळे 'एच बी' ठशाच्या वस्तूवर राजमस्तक नसल्यास ती साधारणतः १७८४ च्या आधीची ठरते. मस्तक खोलगट असल्यास ती त्या दीडएक वर्षातील असते. याच सुमारास, १ डिसेंबर १७८४ ते २४ जुलै १७८५ या अल्प काळात, परदेशी पाठवण्याच्या मालावरील कर परत केल्याची खूण म्हणून उभ्या ब्रिटानियाचा ठसा मारला जाई. वस्तू पूर्ण झाल्यावर तो मारताना तिची हानी होऊ लागल्याने ही प्रथा बंद करण्यात आली.

ठसा कोठे मारला आहे, यालाही महत्त्व असते. १७८० च्या सुमारापर्यंत लंडनच्या चमच्यांवरील ठसे दांड्यावर वाटीजवळच्या निमुळत्या भागात मारले जात आणि त्या ठिकाणी ते अनेकदा चेपलेले दिसतात. त्यानंतर ते दांड्याच्या टोकाकडील रुंद भागात मारले जाऊ लागले. बेटमन यांचे चमचे या दोन्ही प्रकारचे आढळतात. साखरेचे चिमटे व लहान चमचे यांवर राजमस्तकाच्या आधीच्या काळात बहुधा फक्त सिंह व कारागिराचा ठसा असे. वर्षाक्षर नसल्याने अशा वस्तूंचा काळ घाट आणि नक्षी यांवरून अंदाजाने ठरवतात. चहादाणी किंवा कॉफीदाणी यांचे झाकण, वेगळे काढता येणारे भाग यांवरही काही ठसे असणे अपेक्षित असते. झाकणावर निराळ्या कारागिराचा ठसा आढळल्यास दोन वस्तूंचे भाग एकत्र केलेले असण्याचा संभव असतो.

'एच बी' ही आद्याक्षरे असलेले इतर रौप्यकारही लंडनमध्ये होऊन गेले. त्यांच्या ठशांपासून हेस्टर यांचा ठसा अक्षरांच्या वळणावरून वेगळा काढता येतो. पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून ठसा झिजल्यावर मात्र लपेट्या नाहीशा होतात आणि निर्णय कठीण बनतो.

बनावट ठशांचा प्रश्न

हॉलमार्कची नक्कल करणे हा इंग्लंडमध्ये गंभीर गुन्हा होता आणि अठराव्या शतकाच्या मध्यास त्यासाठी देहान्ताच्या शिक्षेची तरतूद करण्यात आली होती. पुढील काळात प्रसिद्ध नावांना जास्त किंमत मिळू लागल्याने फसवणुकीचे निरनिराळे प्रकार उद्भवले. लहान वस्तूवरील अस्सल ठसे कापून ते मोठ्या, ठसा नसलेल्या वस्तूत डाग देऊन बसवणे हा त्यांतील एक प्रकार. अशा ठिकाणी पृष्ठभागावर तोंडाची वाफ सोडल्यास सांध्याची रेषा क्षणभर दिसू शकते. दुसऱ्या प्रकारात अस्सल वस्तूचा साचा घेऊन तशाच वस्तू ओततात. या वस्तूंवरील ठशांच्या कडा बोथट व पृष्ठभाग कणीदार असतो. संचातील प्रत्येक चमच्यावर ठसे अगदी एकाच जागी व एकाच कोनात असणे हेही संशयास्पद असते, कारण हाताने मारलेल्या ठशांत थोडा फरक पडतोच. याशिवाय एकोणिसाव्या शतकात अठराव्या शतकातील साध्या चमच्यांवर फळाफुलांची उठावदार नक्षी मागाहून करण्याची रूढी पडली होती. अशा चमच्यांवरील ठसा खरा असला, तरी नक्षी मूळ कारखान्याची नसते.

निवृत्ती व मृत्यू

१७९० मध्ये, वयाच्या ८१–८२व्या वर्षी, हेस्टर बेटमन व्यवसायातून निवृत्त झाल्या. १६ सप्टेंबर १७९४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे स्वतःचे लिखाण उपलब्ध नाही. त्यांच्या जीवनाची माहिती प्रामुख्याने चर्चमधील नोंदी, मृत्युपत्रे, गोल्डस्मिथ्स हॉलच्या नोंदवह्या आणि ठसे असलेल्या वस्तू यांवरून जुळवण्यात आली आहे.

कुटुंबाचा वारसा

डिसेंबर १७९० मध्ये पीटर व जोनाथन या बंधूंनी संयुक्त ठसा नोंदवला. त्यात 'पी बी' खाली 'आय बी' अशी अक्षरे होती. त्या काळी ठशात 'जे' ऐवजी 'आय' हे अक्षर वापरत. १७९१ मध्ये जोनाथन यांचे निधन झाल्याने हा ठसा अवघे काही महिने वापरात राहिला. त्यामुळे तो दुर्मीळ ठरला आहे. त्याच वर्षी जोनाथन यांच्या पत्नी ॲन यांनी दिरासह नवा ठसा नोंदवला. सासूप्रमाणेच सुनेनेही वैधव्यानंतर कारखान्याची धुरा उचलली. १८०० मध्ये ॲन यांचे पुत्र विल्यम त्यांना येऊन मिळाले. १८०५ मध्ये ॲन निवृत्त झाल्या आणि १८१५ पासून विल्यम यांनी एकट्याच्या ठशाने व्यवसाय चालवला. पुढे त्यांच्याच नावाच्या मुलाने ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालू ठेवली. भागीदारीतील हे बदल ठशांत तंतोतंत उतरलेले असल्याने, वर्षाक्षर झिजलेले असले तरी केवळ आद्याक्षरांच्या संयोगावरून बेटमन कुटुंबातील वस्तूचा काळ बराचसा निश्चित करता येतो.

उत्तरकालीन कीर्ती आणि मतभेद

हयातीत हेस्टर बेटमन या व्यापारातील अनेक नावांपैकी एक होत्या. त्यांची व्यापक कीर्ती ही विसाव्या शतकातील आहे. चार्ल्स जेम्स जॅक्सन यांचा इंग्लंडमधील सुवर्णकार व त्यांचे ठसे यांवरील ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर सामान्य संग्राहकालाही ठसे वाचता येऊ लागले. विशेषतः अमेरिकेतील संग्राहकांनी बेटमन यांच्या वस्तूंना मोठी मागणी केली. १९५९ मध्ये डेव्हिड शूर यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून त्यांना इंग्रजी रौप्यकारांची राणी असे संबोधले. निरक्षर विधवेने घडवलेली चांदी ही कल्पना वाचकांच्या मनाची पकड घेणारी होती. परिणामी या ठशाच्या वस्तूंना समकालीन कारागिरांच्या तोडीच्या किंवा सरस वस्तूंपेक्षाही जास्त किंमत मिळू लागली.

नंतरच्या अभ्यासकांनी या प्रतिमेची चिकित्सा केली. आर्थर ग्रिमवेड यांच्या १९७६ मधील लंडनच्या सुवर्णकारांविषयीच्या ग्रंथाने नोंदवह्यांचा काटेकोर अभ्यास पुढे आणला. कारागिराचा ठसा म्हणजे ती वस्तू त्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने घडवली असा अर्थ होत नाही. चांदीच्या कसाची कायदेशीर जबाबदारी कोणाची, एवढेच तो ठसा सांगतो. आधुनिक ब्रिटिश कायद्यातही त्याला कर्त्याचा ठसा न म्हणता वस्तू तपासणीस पाठवणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा ठसा या अर्थाची संज्ञा योजली आहे. हेस्टर यांनी स्वतः हातोडी व कोरणी किती चालवली, याचा पुरावा उपलब्ध नाही. बेटमन यांच्या कित्येक वस्तू पातळ पत्र्याच्या व एकाच साच्यातील असल्याने, कलावस्तू म्हणून त्यांचे मूल्य अतिरंजित केले गेले, असाही आक्षेप घेण्यात आला.

या चिकित्सेमुळे त्यांचे महत्त्व कमी होत नाही, पण त्याचे स्वरूप बदलते. इतरांच्या ठशांखाली काम करणाऱ्या एका छोट्या कारखान्याला त्यांनी स्वतःचे नाव मिळवून दिले. नवी साधने व बदलती आवड यांचा त्यांनी अचूक मेळ घातला आणि चार पिढ्या टिकणारा व्यवसाय उभा केला. एकट्या प्रतिभावान कारागिरापेक्षा कुशल व्यवस्थापक व उद्योजिका या नात्याने त्यांचा विचार करण्याकडे आजच्या अभ्यासकांचा कल आहे. स्त्रियांच्या श्रमाच्या इतिहासातही त्यांचे उदाहरण महत्त्वाचे समजले जाते. कारखान्यांत पत्नी, मुली व सुना यांनी केलेले काम बहुधा पुरुषांच्या ठशांखाली झाकले जाई. हेस्टर व ॲन यांचे ठसे त्याला अपवाद ठरले.

संग्रह

हेस्टर बेटमन यांच्या कारखान्यातील वस्तू लंडनचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय, न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि इतर अनेक सार्वजनिक व खासगी संग्रहांत आहेत. वॉशिंग्टन येथील स्त्री-कलावंतांच्या राष्ट्रीय संग्रहालयात ब्रिटिश व आयरिश स्त्री रौप्यकारांच्या कामाचा मोठा संग्रह असून त्यात बेटमन यांच्या वस्तूंचा समावेश आहे. हे संग्रह १७०० नंतरच्या दीड शतकातील स्त्री रौप्यकारांच्या ठशांची तुलना करण्यासाठी उपयुक्त ठरतात.